वलांडीवरची पहिली जोडी

सुक्या बोंबलाच्या वासाला जो नाक मुरडतो त्याच्याशी माझं फार काळ जमत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा तोच वास आहे. आणि माझं तोंड फटकळ आहे, हेही सांगते. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या बाईचं दुसरं कसलं असणार?

संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. पहिले काही महिने चाळीत नुसता जोश होता, मोर्चे होते, गेटवरच्या सभा होत्या. मग जोश ओसरला आणि माणसं दिवसाउजेडी घरात दिसायला लागली. पाळीवर असायचा तो बाप भरदुपारी गॅलरीत स्टुलावर बसलेला बघायची आम्हाला सवय नव्हती. आई त्यांच्यासमोरून जाताना उगाच पदर सावरायची, जणू पाहुणेच आलेत.

दारावर मासे घेऊन येणारी एक कोळीण होती, वरळी कोळीवाड्याची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. आम्ही मासे घ्यायचं बंद केलं तरी तिने आमचा जिना चढायचं बंद केलं नाही. पाटी उतरवायची, तांब्याभर पाणी प्यायची, आईशी दोन शब्द बोलायची आणि निघायची. एक दिवस जाता जाता म्हणाली, "घरान बसून नवऱ्याचं तोंड किती बघशील गो बाय? चल माझे संगती. बोंबील लावाला बाया पायजेत."

आई मालवणकडची. मासे खाण्यात कुणाला हार जाणार नाही, पण दुसऱ्याच्या वाडीवर कामाला जायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी मान वर केली नाही, नुसतं "जा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून मावशीबरोबर गेली, ती पुढे कितीतरी वर्षं जातच राहिली.

बोंबील वाळवतात कसे ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. किनाऱ्यावर बांबू रोवायचे आणि आडवे दोर ताणायचे, एकावर एक, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. ही वलांडी. ओला बोंबील म्हणजे निव्वळ पाणी, हातात धरला तर निसटतो. पण त्याचा जबडा मोठा आणि दात आत वळलेले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना गाठ, ना सुतळी. ऊन-वारा चांगला असला तर दोन-तीन दिवसांत खडखडीत. आईच्या बोटांना पहिल्या आठवड्यात इतके दात लागले की ती डाव्या हाताने जेवत होती. बाबा एकदा मला घेऊन तिला शोधत तिथे गेले आणि न राहवून त्यांनीही एक जोडी लावून पाहिली. मागावर तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा माणूस, पण बोंबील काही लागेना. मावशी खो खो हसली. बाबाही हसले. संप सुरू झाल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

मावशीची एक रीत होती. कार्तिक सरला, देवदिवाळी झाली, की आभाळ मोकळं. मग नव्या हंगामाची पहिली जोडी लावायची. तिच्या घरात ही जोडी दोघींनी मिळून लावायची पद्धत, पूर्वी सासू आणि सून लावायच्या. सासू गेली होती आणि सून अजून यायची होती, म्हणून मावशीने आईचा हात धरला. एक बोंबील हिच्या हातातला, एक तिच्या, आणि जोडी दर्याच्या बाजूच्या शेवटच्या दोरावर. ही जोडी विकायची नाही. हंगाम संपला, आगोट आली, म्हणजे पावसाच्या आधी होड्या किनाऱ्याला ओढायची वेळ झाली, की ती उतरवायची. मावशी दोन्ही मुंडकी एका घावात तोडायची आणि तशीच अडकलेली दर्यात टाकायची. म्हणजे पुढच्या वर्षी मासळी वाट चुकत नाही, म्हणे. उरलेले बोंबील निखाऱ्यावर भाजायचे. आईचा मावशी खायची, मावशीचा आई, तांदळाच्या भाकरीबरोबर. सून आल्यावरही मावशीने ही जोडी आईकडून काढून घेतली नाही. सून बिचारी बँकेत लागली होती, तिला बोंबलाचे दात नकोच होते.

संप मिटला असं आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला तो थांबलाच. बाबांनी कुठे कुठे वॉचमनकी केली आणि पुढे एका हिवाळ्यात गेले. त्या सगळ्या काळात आमच्या घरात जे शिजलं ते बोंबलावर शिजलं. आई रोजाबरोबर ओचाभर बोंबील घेऊन यायची. बोंबलाची चटणी, बोंबील-बटाटा, बोंबील-वांगं. चाळीत ज्याच्या घरी चूल थंड असेल तिथे आई वाटीभर पोचवायची. आमच्या मजल्यावर त्या बोंबलाचं मीठ न खाल्लेला एक माणूस दाखवा, मी नाव बदलीन.

मला नोकरी लागल्यावर मी आईला म्हटलं, आता पुरे. तर ती म्हणाली, "घराक बसान काय करू? तुझा तोंड बघू?" कामाचं निमित्त होतं, खरं तर तिला मावशीशिवाय करमायचं नाही. दोघी दोर ताणत बोलत बसायच्या, आणि काय बोलायच्या ते देव जाणे, कारण एकीची भाषा दुसरीला अर्धीच कळायची.

मग बदलायला लागलं. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही, येतही नाही. पहाटे जमिनीवरून दर्याकडे जो कोरडा वारा सुटायचा तो उशिरा सुटायला लागला, काही दिवस सुटेचना. मार्गशीर्षात अंगाला घाम. दिवाळी झाली तरी समुद्रात वादळ, बंदरावर धोक्याचा बावटा, होड्या निम्म्या वाटेतून परत. पूर्वी मावशीचा मुलगा सकाळी जाऊन दुपारी होडी भरून यायचा. तो आता तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, झाला होता, मोठी होडी घेऊन पार गुजरातच्या अंगाला जायचा आणि दिवसच्या दिवस यायचा नाही. बोंबील वर सरकलाय, म्हणायचा. जाळ्यात मासळीऐवजी जेलीफिशचा गिळगिळीत ढीग यायचा, तो उपसून हात जळायचे. शहराचा मैला आहे, भराव आहेत, ते तर सगळ्यांना दिसत होतं. पण तो म्हणायचा, "आये, घाण तर आधीपासून व्हती. ह्ये पाणीच गरम लागतंय हाताला."

मी पेपरात वाचलेलं मावशीला सांगायचे, की जग तापतंय, अरबी समुद्रही तापतोय, म्हणून वादळं वाढलीत, पाऊस अवेळी येतोय. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ताप आयला असंल त्याला. उतरंल." जसं काही घरात कुणी आजारी आहे. मी वाद घालायचे नाही.

किनाऱ्यावरच्या वलांड्या एकेक करून उतरल्या. बोंबील नाही तर दोर कशाला, आणि बोंबील आला तर पाऊस. ज्यांच्या वलांड्या गेल्या त्यांच्या जागेवर स्कूटर उभ्या राहिल्या. आमची चाळही पाडली आणि त्या जागी टॉवर आला. आम्हाला त्यात वरच्या मजल्यावर घर मिळालं, लिफ्ट, टाइल्स, खिडकीतून लांबवर समुद्राची पट्टी. आई त्या पट्टीकडे बघत बसायची. आमच्या चाळीतलीच सगळी माणसं टॉवरमध्ये होती, फक्त आता दारं बंद असायची.

शेवटी किनाऱ्यावर मावशीची एकच वलांडी उरली. वाडीत सभा झाली. तिथली रीत अशी, की वलांडीची जागा ज्या घराची त्या घराचीच, पण वलांडी लावेल तोवर. एक अख्खा हंगाम रिकामा गेला की जागा गावकीची. मावशीची वलांडी आदल्या वर्षी जेमतेम चार दिवस भरली होती. तरुण पोरं म्हणाली, आजी, आता सोड, गाड्या लावायला जागा नाही. मावशी सत्तरी कधीच ओलांडून गेलेली, पाठीत वाकलेली. ती सभेत उठून म्हणाली, "या वर्षी भरून दावीन. नाय भरली तर बांबू मीच उपटीन." सासूच्या सासूपासूनची जागा होती ती. तिच्यासाठी सगळं काही तिथेच होतं, दुसरं काही नव्हतंच.

आणि नशीब म्हणा, त्या वर्षी मासळी आली. देवदिवाळी झाली, आभाळ धुतल्यासारखं, आणि मुलाची होडी कित्येक वर्षांनी भरून आली. मावशीने मुलाकडून आईला फोन लावून घेतला. आईचे गुडघे गेलेले, तरी ती टॅक्सीतून उतरली ती जवळजवळ धावतच. मी रजा टाकून गेले. दोघींनी पहिली जोडी लावली. मावशीच्या बोटांना आता जबडा लागेना, तर आईने तिचं मनगट धरलं आणि मग लागली. दिवसभर आम्ही जोड्या लावत होतो. संध्याकाळी वलांडी वरपासून खालपर्यंत भरली, आणि सभेत बोलली होती ती पोरंसुद्धा येऊन बघून गेली. मावशी खाली वाळूत बसून नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नैऋत्येकडून ढग आले. मार्गशीर्षात. मावशीचा मुलगा म्हणाला, मोबाइलवर आलंय, खाली दक्षिणेला वादळ झालंय, पाऊस लागणार. त्याने ताडपत्री आणली. मावशीने ती हातातून ओढून घेतली. झाकलेला बोंबील घामेजतो आणि कुजतो, हे तिला जन्मापासून माहीत. आणि देवदिवाळी झाल्यावर पाऊस टिकत नाही, हेही तिला जन्मापासूनच माहीत. पहिली गोष्ट अजून खरी होती, दुसरी राहिली नव्हती. ती म्हणाली, "शिंतडा येईल न जाईल. वारा उघडाच पायजेल." पण शिंतोडा नव्हता तो. बघता बघता थेंब एवढाले झाले आणि अर्धवट सुकलेल्या बोंबलावरून पाणी ओघळायला लागलं.

तेव्हा आई म्हणाली, "आमच्या घराक न्हेऊया. पंखे आसत." कोकणातल्या आणि कोळीवाड्यातल्या बायकांनीच असा वेडेपणा करावा. मी नाही म्हणायला हवं होतं की नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही, आणि त्यावर मी डोकं फोडत बसत नाही. मावशीच्या तोंडाकडे बघून नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. आम्ही टेम्पो केला. दोरासकट बोंबील लिफ्टने वर नेले. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, खिडकीपासून कपाटापर्यंत दोर ताणले, सगळे पंखे चालू केले, आणि आई नि मावशी पावसात भिजलेल्या अंगाने सोफ्यावर टेकून वर बघत बसल्या. पहिली जोडी आईने वेगळी काढून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलला अडकवली.

पाऊस थांबेना. बाहेर गरम, आत गरम, हवा ओली चिंब. पंखे तीच ओली हवा घरभर फिरवत होते. वास आधी आमच्या दारात आला, मग पॅसेजमध्ये, मग लिफ्टमध्ये. सोसायटीचा सेक्रेटरी आला, म्हणाला, लोकांच्या तक्रारी आहेत. मी विचारलं, कोणते लोक? त्याने मजल्यावरची नावं सांगितली आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ज्यांच्या चुली या बोंबलावर पेटल्या होत्या तीच नावं. मी दारात उभी राहून इतक्या मोठ्याने बोलले की तीन दारं उघडली आणि लगेच बंद झाली. आतून मावशीचा आवाज आला, "नको गो भांडू. त्यांचं पण खरं हाय. कुजलंच हाय ते."

ती दोराखाली उभी होती. एक बोंबील तिने बोटाने दाबला, तो लाल पडला होता, आणि पोटातून आळी बाहेर आली. तिने दुसरा दाबला, तिसरा दाबला. मग पदराला हात पुसले आणि म्हणाली, "उतरवा."

मुलगा गोणी घेऊन आला. सगळे बोंबील भरून त्याने परत वाडीवर नेले आणि वाळूत खड्डा करून पुरले. जाण्याआधी मावशीने आमच्या टाइल्स स्वतः ओणवं होऊन पुसल्या. मी फडकं घ्यायला गेले तर तिने माझा हात बाजूला सारला. आई खुर्चीत बसून रडत होती आणि ती फरशी पुसत होती.

त्या हंगामात वलांडी पुन्हा भरली नाही. बांबू मावशीने स्वतः उपटले नाहीत, तिला ते उपटवेनात. मुलाने उपटले, ती शेजारी उभी राहिली. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तिथे स्कूटर होत्या.

मला एक गोष्ट फार खाते. गिरणी बंद पडली तेव्हा शिव्या द्यायला मालक होता, सरकार होतं, पुढारी होते. बाबा गेटपुढे जाऊन घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. समुद्र तापला तर कुणाच्या गेटवर जाऊन बसायचं? ज्यांनी धूर काढला ते कुठल्या कुठे राहतात, आणि त्यात थोडा आमच्या गिरण्यांच्या चिमण्यांचाही असेल. मावशीने उभ्या आयुष्यात काय जाळलं तर निखाऱ्यापुरती लाकडं. आणि घाव बसला तो तिच्यावर. याचा राग मी कुठे ठेवू?

ग्रिलवरची जोडी मात्र वाळली. उंचावरच्या वाऱ्याने असेल, पण पाऊस गेल्यावर ती पूर्वीसारखी खडखडीत झाली. पुढे आगोटीची वेळ आली तेव्हा आईने ती कागदात गुंडाळली, भाकऱ्या केल्या आणि आम्ही वाडीवर गेलो. मावशीने कागद उलगडला आणि जोडी कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. मग परत गुंडाळून आईच्या मांडीवर ठेवली.

"खाल्ली की संपली गो," ती म्हणाली. "तुझे डब्यान ठेव. नवी लागंल तवा ही खाऊ."

नवी लागली नाही. पुढच्या श्रावणात मावशी गेली, नारळी पुनवेच्या थोडं आधी. फोन आला तेव्हा आईने आधी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. वाडीवर मावशीला अंगणात ठेवलं होतं, नवं लुगडं नेसवलं होतं. आई तिच्या उशाशी बसली. मी बघितलं, तिने पिशवीतून जोडी काढली आणि जबडे सोडवायला गेली. एक तिला द्यायचा आणि एक आपल्याकडे ठेवायचा, असं तिच्या मनात असणार. पण वाळलेला जबडा सुटत नाही, तुटतो. थोडंसं कडकन वाजलं तसा आईने हात आवरला. अख्खी जोडी तिने लुगड्याच्या ओच्यात सारली.

घरी येताना टॅक्सीत ती म्हणाली, "जांवदे. राख दर्यातच जातली. मुंडकी पोचली म्हणजे झाला." मग सेनापती बापट मार्गावर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या वक्ताक काय घालशीत गो?"

मी म्हटलं, आई, गप्प बस.

आई गेली तेव्हा थंडीचे दिवस असायला हवे होते, पण घामाच्या धारा लागल्या होत्या. नातेवाईक यायचे होते, तेवढ्या वेळात मी दादरच्या बाजारात गेले. सुके बोंबील होते, कुठून तरी उत्तरेकडून आलेले, पोत्यात सुटे भरलेले. त्यातले दोन चांगले बघून घेतले. घरी येऊन स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहिले आणि त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायचा प्रयत्न केला. पहिल्याचा जबडा उघडेना. जोर लावला तर तुटला. दुसऱ्याचाही तुटला.

इतकी वर्षं डोळ्यांसमोर बघितलेलं, तरी तेव्हा आठवलं नाही. जोडी ओल्या बोंबलाचीच लागते. वाळल्यावर लागत नाही.